वाटा ठरतो, तिथे आपण असतो का?

मैत्रिणींनो, बाजारात पापलेटचा भाव ऐकला की आपण हमखास हुज्जत घालतो. ‘काय गं मावशी, केवढ्याला लावलंस?’ असं म्हणत शेवटी तिनाऐवजी दोनच नग पिशवीत टाकून घरी येतो. पण हे पापलेट समुद्रातून कुणी काढायचं, कोणत्या जाळ्याने काढायचं, कोणत्या महिन्यात काढायचं आणि त्यासाठी कुणाच्या बोटीला किती डिझेल मिळायचं, हे कुठे ठरतं, याचा विचार आपल्यापैकी किती जणी करतात?

‘सरकार ठरवतं’ हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं बंदरावरच्या मच्छिमार सहकारी सोसायटीच्या खोलीत ठरतं. भिंतीवर माजी अध्यक्षांचे फोटो, कोपऱ्यात लोखंडी कपाट, कपाटात बोटींच्या फायली, मध्ये टेबल आणि टेबलाभोवती खुर्च्या. त्या खुर्च्यांवर बहुतेक वेळा सगळे पुरुष. बायका त्या वेळी कुठे असतात? बाहेर. मासळी निवडत, बर्फ फोडत, पाट्या उचलत, टेम्पोची वाट बघत.

बचत गटाच्या कामामुळे माझं कोळीवाड्यात नेहमी जाणं-येणं असतं. तिथे एक गोष्ट मला सतत टोचते. मासळीच्या धंद्यातला पैसा बाईच्या हातातून फिरतो. विक्री तिची, उधारी तिची, खलाशांच्या जेवणाची काळजी तिची, बर्फवाल्याचा हिशेब तिचा. पण धंद्याचा जो मूळ हक्क आहे, परवाना आणि कोटा, त्या कागदावर तिचं नाव क्वचितच सापडतं. आज त्याच कागदाबद्दल बोलायचं आहे.

कोटा म्हणजे नेमकं काय?

काही देशांत प्रत्येक बोटीला वर्षाला अमुक टन मासळी असा कोटा ठरवून देतात. आपल्याकडे समुद्रातल्या मासळीवर असा किलोचा कोटा नाही. पण म्हणून वाटणी नाही असं समजू नका. आपल्याकडची वाटणी वेगळ्या मापाने होते.

पहिलं माप दिवसांचं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. हा ६१ दिवसांचा नियम २०१५ पासूनचा. त्याआधी आपल्याकडे नारळी पौर्णिमेचा हिशेब असायचा, आणि आजही अनेक जुने तांडेल म्हणतात की बंदी पौर्णिमेपर्यंतच हवी.

दुसरं माप परवान्याचं. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. त्यानुसार बोटीला परवाना लागतो, आणि कोणत्या प्रकारच्या मासेमारीसाठी तो आहे हे त्यात असतं. पर्ससीनसारख्या मोठ्या घेराच्या जाळ्यांवर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने मर्यादा आल्या. नवे परवाने बंद झाले, हंगामही सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा लाखांच्या घरात गेल्या.

तिसरं माप आकाराचं. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार जाहीर केला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे पुरती वीतसुद्धा नाही. त्याहून लहान पापलेट धरायचं नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मानही मिळाला!

आणि चौथं माप डिझेलचं. कोळीवाड्यात नुसतं ‘कोटा’ म्हटलं की बहुतेकांच्या मनात हेच येतं. मच्छिमारांना डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा मिळतो, तो सोसायटीमार्फत. कोणत्या बोटीला वर्षाला किती लिटर, हे इंजिनाप्रमाणे ठरतं आणि ती यादी सोसायटीतून वर जाते. आपल्याला रेशनकार्डावरचं रॉकेल आठवतं ना? कार्डावर नाव असेल तर लिटर, नसेल तर काळाबाजार. हे तसंच समजा. यादीत नाव नसलं तर बोट त्याच समुद्रात जाते, पण प्रत्येक फेरी महाग पडते.

म्हणजे बघा, दिवस, परवाना, आकार आणि डिझेल. या चार मापांनी समुद्र वाटला जातो. नियम सरकारचे असले तरी अर्ज, शिफारस, यादी आणि गावातल्या गावात एकमेकांना आवरणं ही कामं सोसायटीकडे येतात. म्हणून त्या खोलीला एवढं महत्त्व.

नाव नसलं की काय होतं

आमच्या भागातल्या एका वहिनींची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही, कारण अशा वहिनी प्रत्येक बंदरावर आहेत. नवरा पन्नाशीच्या आतच गेला. बोट होती, जाळी होती, कर्जाचे हप्ते होते, दोन मुली शिकत होत्या. बोट नवऱ्याच्या नावावर, परवाना त्याच्या नावावर, सोसायटीतला भाग त्याच्या नावावर. वहिनी वीस वर्षं त्याच बोटीची मासळी विकत आल्या होत्या, पण कागदावर त्या कुठेच नव्हत्या.

परवान्याचं नूतनीकरण आलं. मेलेल्या माणसाच्या नावाने ते होईना. परवाना नाही म्हणून डिझेलच्या यादीतून बोट वगळली. वारस दाखला आणा, दीर-नणंदांचं संमतिपत्र आणा, ठराव पुढच्या सभेत घेऊ… पुढची सभा दोन महिन्यांनी. तोवर खलाशी दुसऱ्या बोटीवर गेले, आणि त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनाही पोटं आहेत. दीर म्हणाले, ‘वहिनी, तात्पुरती माझ्या नावावर करू, नंतर बघू.’ वहिनी मला म्हणाल्या, ‘ताई, तात्पुरतं म्हणजे किती दिवस, ते कुणी लिहून देईल का?’

त्यांनी सही दिली नाही. एक अख्खा हंगाम बोट किनाऱ्यावर उलटी पडून राहिली. वहिनींनी दुसऱ्यांच्या बोटींची मासळी लिलावात घेऊन विकली आणि हप्ते भरले. शेवटी कागद झाले, बोट पाण्यात गेली. पण त्या एका हंगामात धाकटीचं कॉलेज सुटलं, ते सुटलंच.

यात कुणी खलनायक नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. सोसायटीचे सचिव नियमाप्रमाणेच वागले. दीरही वाईट माणूस नाही. अडचण एवढीच की नवरा जिवंत असताना एक साधा अर्ज कुणी भरला नव्हता. शेतीच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण किती वर्षं बोलतो आहोत! पण कोळीवाड्याचा सातबारा म्हणजे बोटीची नोंदणी, मासेमारी परवाना आणि सोसायटीतला भाग. त्यावर नाव लावण्याबद्दल आपण बोललोच नाही.

आइसलँडच्या बायकांनी काय गमावलं

कागदावरच्या नावाला एवढं महत्त्व का द्यायचं, हे समजायला जरा लांबचं उदाहरण घेऊ. आइसलँड हा मासळीवर जगलेला छोटासा देश. १९८४ मध्ये तिथे कॉड माशाचा कोटा बोटींना वाटून दिला. मागच्या तीन वर्षांत ज्या बोटीने जेवढं पकडलं होतं, त्या प्रमाणात तिचा वाटा. पुढे १९९० च्या कायद्याने हा कोटा विकायला-विकत घ्यायला मोकळीक मिळाली.

यातून चांगलंही घडलं. जो आधी पोहोचेल त्याची मासळी, ही जीवघेणी शर्यत थांबली आणि किती पकडायचं याला हिशेब आला. पण कोटा कुणाच्या नावावर गेला? बोटमालकाच्या. खलाशाच्या नावावर नाही, आणि किनाऱ्यावरच्या कारखान्यात मासळी कापणाऱ्या, साफ करणाऱ्या, भरणाऱ्या बायकांच्या नावावर तर नाहीच. मग मालकाने कोटा दूरच्या मोठ्या कंपनीला विकला की बोट गेली, मासळी गेली, कारखान्याला कुलूप लागलं. छोट्या गावांतल्या बायका रात्रीतून बेकार झाल्या. विकताना त्यांना कुणी विचारलं नाही, कारण विचारायची गरजच नव्हती. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही या वाटपात अन्याय आहे असं मत दिलं.

त्याच काळात अमेरिकेतल्या अलास्का राज्यात वेगळी वाट धरली. १९९२ पासून तिथल्या बेरिंग समुद्रातल्या मासळीच्या कोट्याचा एक ठरावीक भाग किनाऱ्यावरच्या गावांसाठी बाजूला काढला. ६५ गावांचे सहा गट केले आणि वाटा गटाच्या नावावर ठेवला. तो कुणा एकाला कायमचा विकून मोकळं होता येत नाही. त्यातून येणारा पैसा गावाच्या कामाला लावायचा.

दोन्हीकडे समुद्र आहे, मासे आहेत, कोटा आहे. फरक पडला तो नाव कुणाचं लिहिलं यावरून. आपल्याकडे परवाना आणि डिझेल सोसायटीमार्फत जातं, म्हणजे आपली पद्धत मुळात सहकाराची, एकत्र वाटून घेण्याची आहे. ही फार मोठी गोष्ट आहे. पण ‘एकत्र’ या शब्दात बायका धरल्या आहेत की नाहीत, हा प्रश्न उरतोच.

पाटी बोलते, पण ऐकतं कोण?

‘तुम्ही समुद्रात जाता का? मग मिटिंगला येऊन काय बोलणार?’ हा प्रश्न बायकांना नेहमी विचारला जातो. मला वाटतं, यावर नीट उत्तर द्यायला हवं.

तांडेल समुद्र ओळखतो, हे खरंच. पण मासळी किनाऱ्यावर आल्यावर ती हातात घेते ती बाई. या वर्षी पापलेट मागच्या वर्षीपेक्षा लहान आलं, हे सगळ्यात आधी तिच्या बोटांना कळतं. मोठं पापलेट नगावर जातं आणि गिऱ्हाईक दोनदा विचार करून का होईना, पण पैसे मोजतं. बारकं पापलेट वाट्यावर लावावं लागतं आणि संध्याकाळी उरलं तर सुकवायला टाकावं लागतं. ज्या माशाला चार महिने थांबलं असतं तर दाम मिळाला असता, तोच मासा कवडीमोलाने जातो. हे नुकसान तांडेलाच्या वहीत दिसत नाही, तिथे फक्त टपांची संख्या असते. ते दिसतं कोळणीच्या कनवटीला.

एका मावशींनी मला फार नेमकं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘पोरांनी भरपूर मावरं आणलं की पुरुष खूश. पण पाटी जड आणि पैसा हलका, हे मी कुणाला सांगू?’

लहान मासळी न धरण्याचा नियम सरकारने केला आहे, पण रोज प्रत्येक बोटीवर फूटपट्टी घेऊन कोण उभं राहणार? तो नियम पाळला जाईल तर सोसायटीच्या ठरावाने, गावाच्या लाजेने आणि विकणाऱ्या बायकांच्या नकाराने. ‘एवढं बारकं मी पाटीत घेणार नाही’ असं दहा जणी म्हणाल्या, तर जाळ्याचा आस आपोआप मोठा होईल. पण त्यासाठी त्या दहा जणी सभेत हव्यात. कारण बाहेर म्हटलं तर ती कुरकुर होते, सभेत म्हटलं की त्याची नोंद होते.

आणि थांबल्याने फळ मिळतं, हे आपल्या देशातच दिसलं आहे. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी नावाचं मोठं सरोवर आहे. १९९० च्या सुमारास निर्यातीसाठी तिथल्या शिंपल्यांचा, म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्या जातीतल्या शिंपल्यांचा भरमसाट उपसा झाला आणि उत्पादन घसरलं. मग १९९३ पासून डिसेंबर ते फेब्रुवारी उपसा बंद, बारक्या शिंपल्या धरायच्या नाहीत, जाळ्याचा आस ठरलेला, असे नियम आले आणि मच्छिमारांनी ते पाळले. २०१४ मध्ये त्या व्यवसायाला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं जागतिक प्रमाणपत्र मिळालं. भारतातलं ते पहिलं!

आपल्या खाड्यांतही ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या आणि कालवं काढणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. त्यांना सोसायटीत कितीशी जागा आहे? उद्या खाडीवर कुणी बंधारा घातला, घाण पाणी सोडलं, तर ‘आमचा धंदा बुडाला’ हे सिद्ध करायला त्यांच्याकडे काय कागद आहे?

मोठी बोट, छोटी होडी

बायका आत गेल्या की सगळं सुरळीत होईल, असं मी म्हणत नाही. आतले प्रश्न अवघडच आहेत. पालघर-डहाणूच्या समुद्रात डोलजाळी बांधायला कवी मारतात, त्यावरून तिथले मच्छिमार आणि वसई-उत्तनकडचे मच्छिमार यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहे. एकाची कव दुसऱ्याच्या दालदी जाळ्याच्या आड येते. सिंधुदुर्गात रापणकर आणि पर्ससीनवाले यांचं भांडण सगळ्यांना ठाऊक आहे. रापणीत दोराला हात लावणाऱ्यालाही वाटा मिळतो, कुणी टोपलीभर मासळी घेऊन घरी जातो. पर्ससीनचं जाळं मात्र एका फेऱ्यात थवाच्या थवा उचलून नेतं, मग रापणीत काय येणार?

डिझेलचंही तेच. मोठ्या इंजिनाला जास्त कोटा. मोठा बोटवाला म्हणतो, ‘माझं कर्ज मोठं, माझे खलाशी जास्त, मला लांब जावं लागतं.’ त्याचंही खोटं नाही. छोटा होडीवाला म्हणतो, ‘सभासद दोघेही, मग सोसायटी तुझ्यासाठीच का धावते?’ त्याचंही खरंच आहे. अशा वेळी न्याय करायचा तर यादी सगळ्यांसमोर हवी. कुणाच्या बोटीला किती लिटर मंजूर, प्रत्यक्षात किती उचललं, कोणती बोट बंद पडलेली असूनही यादीत आहे, हे फलकावर लागलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात. घरात एका ताटातली भाकरी चौघांत वाटताना आपण काय करतो? सगळ्यांसमोर मोडतो. आत जाऊन मोडून आणली की लहानग्यालासुद्धा शंका येते!

आणि हो, समुद्र नसलेल्या गावांतल्या मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठीही आहे. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर, धरणांच्या जलाशयांवर मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांना दिला जातो. तिथे ठेका हाच परवाना. बीज किती सोडायचं, मासळी कधी काढायची, कुणाला किती वाटा, हे संस्था ठरवते. डोक्यावर टोपली घेऊन आठवडी बाजारात जाणाऱ्या ढिवर समाजाच्या बाईचं नाव त्या संस्थेच्या सभासद यादीत आहे का, एवढंच बघा.

कायदा आहे, पण उघडून बघायला हवा

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. २०१३ मध्ये त्यात मोठे बदल झाले. व्यवस्थापक समितीत महिलांसाठी दोन जागा राखीव ठेवण्याची तरतूद आली. आता या दोन जागांचं काय होतं, ते आपण जाणतोच. कुणाची तरी बायको, कुणाची तरी वहिनी फॉर्मवर सही करते, आणि सभेचं रजिस्टर सहीसाठी घरी येतं. ‘बाई कशाला त्रास घ्यायचा, इथेच सही करा.’ हा त्रास घ्यायचा असतो, बायांनो! रजिस्टर घरी आलं की ते बंद करून परत पाठवायचं आणि सांगायचं, ‘सभा कधी आहे, मी येते.’

पुरुषांनाही दोन शब्द. दर्यात जीव धोक्यात घालून तुम्ही जाता, त्याचा मान आहेच. पण तुम्ही आठ-दहा दिवस समुद्रात असता तेव्हा सोसायटीत कागद कोण पुढे सरकवणार? बँकेत कोण जाणार? आजही हे घरचीच करते. फक्त तिला विचारलं जातं, ‘तुम्ही कोण?’ तिच्या हातात सभासदाचं कार्ड असेल तर तुमचंच काम सोपं होईल.

एवढं मात्र करा

लेख वाचून वर्तमानपत्र फडताळात घालण्याआधी ही यादी कापून ठेवा. तुमच्या घरी बोट नसेल, तर तुमच्या कोळणीच्या हातात द्या.

१. घरातले तीन कागद वेगवेगळे ओळखा. बोटीची नोंदणी, मासेमारी परवाना आणि सोसायटीतला भाग. एकावर नाव लागलं म्हणजे तिन्हींवर लागलं असं होत नाही. नोंदणी आणि परवान्याचं काम आता ‘रिअलक्राफ्ट’ या ऑनलाइन प्रणालीत होतं. त्यात कुणाचं नाव दिसतं ते शिकलेल्या मुलाला-मुलीला बघायला सांगा.

२. सोसायटीत नामनिर्देशनाचा अर्ज भरलेला आहे का, ते विचारा. नसेल तर नवऱ्याकडून याच आठवड्यात भरून घ्या. ‘असं अभद्र का बोलतेस’ म्हणतील. हसून म्हणा, ‘विम्याच्या फॉर्मवर वारस लिहिता, तेव्हा नाही वाटत अभद्र?’ आणि लक्षात ठेवा, नामनिर्देशन झालं म्हणजे मालकी झाली असं नव्हे. वारसांचे कागद वेगळे लागतात.

३. स्वतः सभासद होता येईल का, ते बघा. त्यासाठी संस्थेचे उपविधी मागून घ्या आणि क्रियाशील मच्छिमार कुणाला म्हटलं आहे, ते वाचा. मासळी विकणं, सुकवणं, जाळी विणणं ही कामं त्यात बसतात का? बसत नसतील तर उपविधी बदलण्याची सूचना वार्षिक सभेत मांडता येते.

४. वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. एकटीने जाऊ नका, चार-पाच जणी मिळून जा आणि पुढच्या ओळीत बसा.

५. सभासदाला संस्थेचा ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी बघण्याचा हक्क कायद्याच्या कलम ३२ ने दिला आहे. हक्काने मागा, पण भांडणाच्या सुरात नको. डिझेलची यादी फलकावर लावा, अशी मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.

६. बोट घ्यायचा विचार असेल तर योजनांची नीट चौकशी करा. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बऱ्याच बाबींसाठी सर्वसाधारण लाभार्थीला ४० टक्के, तर महिलेला ६० टक्के अनुदान ठरवलेलं आहे. पण बाईचं नाव फक्त अनुदानापुरतं आणि चावी दुसऱ्याच्या खिशात, असं होऊ देऊ नका. याच योजनेत अपघाती मृत्यूसाठी ५ लाखांच्या विम्याची तरतूद केली गेली. तुमची आणि घरच्यांची नोंद झाली आहे का, हे मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

हे सगळं वाचून एखादी म्हणेल, ‘एवढी कागदपत्रं कोण करणार? पहाटे तीनला उठून बंदर गाठायचं, दुपारी बाजार, संध्याकाळी घर.’ खरं आहे. बाईच्या दिवसात आणखी एक काम घालताना मलाही बरं वाटत नाही. पण नाव नसल्याची किंमत तिलाच मोजावी लागते, आणि ती अशा वेळी मोजावी लागते जेव्हा घरातलं माणूस नुकतंच गेलेलं असतं आणि डोळ्यातलं पाणी खळलेलं नसतं. त्यापेक्षा आज एक दुपार दिलेली परवडली.

समुद्र कुणाच्या बापाचा नाही, असं कोळीवाड्यात म्हणतात. अगदी बरोबर. पण समुद्रात जाण्याचा कागद मात्र कुणाच्या तरी नावाचा असतो. तो दोघांच्या नावाचा झाला, तर बोट सुखरूप राहील आणि मासाही उद्यासाठी उरेल, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या सोसायटीच्या समितीत किती बायका आहेत, आणि त्यातल्या किती जणी खरोखर सभेला बसतात, हे मला पत्राने जरूर कळवा. ज्यांनी स्वतःचं नाव लावून घेतलं असेल त्यांनी ते कसं जमवलं, तेही लिहा. या सदरात त्याबद्दल पुन्हा बोलू.